'द पिट'चा पहिला तास: इमर्जन्सीत खरंच असं घडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'द पिट' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या हंगामाचा पहिला भाग पाहिला. सकाळी ७ ते ८ या एका तासात एवढं सगळं घडू शकतं का? आणि डॉक्टर जे करताना दिसतात, त्यातलं खरं किती आणि कॅमेऱ्यासाठी केलेलं किती?

बहुतेक जण खरेपणा रक्तात शोधतात. माझ्या मते या भागातली सगळ्यात खरी गोष्ट वेगळी आहे. ७ वाजून १० मिनिटांनी आलेला रुग्ण ८ वाजताही तिथेच पडून असतो. त्याचे रिपोर्ट आलेले नसतात, त्याला वरच्या मजल्यावर खाट मिळालेली नसते, आणि त्याचं पुढे काय होणार हे कुणालाच सांगता येत नाही. रुग्णालयावरच्या इतर मालिकांत पाऊण तासात रुग्ण येतो, निदान होतं आणि तो बरा होतो किंवा दगावतो. खऱ्या इमर्जन्सीत पाऊण तासात जेमतेम पहिला रक्ताचा रिपोर्ट हाती येतो.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचंच बघा. आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढून तो डॉक्टरने पाहिलेला असला पाहिजे. साखर काही सेकंदांत कळते, ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-आम्लतेची तपासणी) काही मिनिटांत. पण ट्रोपोनिनला, म्हणजे हृदयाच्या इजेच्या रक्ततपासणीला, साधारण तास लागतो, आणि पहिला नॉर्मल आला तरी बहुधा एक ते तीन तासांनी पुन्हा पाठवावा लागतो, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी रक्तातली पातळी वाढायला वेळ जातो. म्हणजे ईसीजीत काही ठळक दिसलं नाही, तर सात-दहाला आलेल्या माणसाला 'घरी जा' किंवा 'भरती व्हा' हे नऊ-दहाच्या आत प्रामाणिकपणे सांगताच येत नाही. एक भाग म्हणजे ड्युटीचा एक तास, आणि हंगाम १५ भागांचा. ही रचना घेतल्यामुळे लेखकांना खोटं बोलावं लागत नाही. तपासणी पहिल्या भागात पाठवायची आणि निकाल तिसऱ्या भागात आणायचा, एवढी मोकळीक त्यांना मिळाली.

ही मालिका ९ जानेवारी २०२५ ला सुरू झाली आणि पहिले दोन भाग एकाच दिवशी आले. निर्माता आर. स्कॉट गेमिल, सोबत जॉन वेल्स आणि मुख्य भूमिकेत नोआ वायली, हे तिघेही 'ईआर' या रुग्णालयावरच्या जुन्या मालिकेतले. १९९४ ते २००९ चाललेल्या त्या मालिकेतले जो सॅक्स इथेही लेखक-निर्माते आहेत आणि ते स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर आहेत. हे पडद्यावर जाणवतं. औषधाचं नाव आणि मात्रा एकत्र बोलली जाते, ऐकणारी नर्स ती परत उच्चारते, आणि औषध दिल्यावर 'दिलं' असं मोठ्याने सांगते. नीट शिकवलेल्या टीमची हीच खूण. गोंगाटात 'दहा' आणि 'शंभर' यांत गल्लत होऊ नये म्हणून ही पद्धत आहे. नुसत्या ओरडाआरडीचं दृश्य लिहायला फार सोपं असतं. तो मोह त्यांनी टाळलाय.

पहिल्या भागात कोण कुणाच्या वर आहे, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला चटकन कळत नाही. नोआ वायलीचा डॉ. रॉबी हा अटेंडिंग, म्हणजे प्रत्येक रुग्णाची अंतिम जबाबदारी त्याची. त्याच्या हाताखाली सीनियर रेसिडेंट (विशेष शाखेचं शिक्षण घेणारे डॉक्टर), मग ज्युनियर, मग इंटर्न, आणि सगळ्यात खाली तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी. चार्ज नर्स, म्हणजे पाळीची मुख्य नर्स, डेना या उतरंडीच्या बाजूला उभी आहे, आणि कुठला रुग्ण कुठल्या खोलीत जाणार हे प्रत्यक्षात तीच ठरवते. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या कॅज्युअल्टीची जुनी पद्धत वेगळी होती. सीएमओ (कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी) केस पाहणार, पोलिसांसाठी एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद करणार आणि सर्जरी, मेडिसिन, ऑर्थो असे कॉल पाठवणार. पिट्सबर्गच्या या काल्पनिक रुग्णालयात पहिला तासभर सगळं काही इमर्जन्सीचाच डॉक्टर करतो, कारण तिथे ही स्वतंत्र शाखा आहे. पहिला रेसिडेन्सी कार्यक्रम १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाला आणि १९७९ मध्ये विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. भारतात एमडी इमर्जन्सी मेडिसिनला मान्यता २००९ मध्ये मिळाली. त्यामुळे हे चित्र आता आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही दिसू लागलंय.

आता मुख्य प्रसंग. मेट्रोच्या फलाटावरून रुळांवर ढकललेली एक बाई आणि तिला वाचवायला उडी घेतलेला एक माणूस, असे दोघे एकदम येतात. बाईच्या पायाची कातडी मोजा उतरवावा तशी सोलून निघालेली, माणसाच्या डोक्याला गंभीर मार.

रुग्णवाहिकेचा निरोप आणि स्ट्रेचर आत येणं यांत साधारण पाच-दहा मिनिटं मिळतात. त्या वेळात भूमिका ठरतात: डोक्याशी श्वासनलिका सांभाळणारा, दोन्ही बाजूंना एकेक नर्स, एक तपासणारा, एक लिहून घेणारा, आणि पायाशी टीम लीडर. लीडरने हात लावायचा नसतो. तो सुई टोचायला वाकला की सगळ्या खोलीवरची त्याची नजर सुटते, आणि मग पडणारा रक्तदाब कुणाच्याच लक्षात येत नाही. पडद्यावर नायकाला हात लावू न देणं अवघड असतं, म्हणून जवळजवळ सगळ्या मालिका इथे घसरतात. इथेही रॉबी अधूनमधून पुढे सरसावतो, पण बराच वेळ तो रेसिडेंटला करू देतो आणि मागे उभा राहतो. शिकवणाऱ्या रुग्णालयात तसंच असतं.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. जीवघेणा बाहेरचा रक्तस्राव दिसला तर आधी तो दाबायचा किंवा टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) लावायचं, आणि लावल्याची वेळ लिहायची. मग मान न हलवता श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या, आणि शेवटी कपडे कापून सगळं अंग पाहून लगेच गरम पांघरूण, कारण थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. सराव झालेल्या टीमला या पहिल्या फेरीला दोन मिनिटं पुरतात. तेवढ्यात १६ किंवा १८ गेजच्या दोन जाड सुया लागतात. शीर सापडली नाही तर शोधत बसायचं नाही. गुडघ्याखालच्या किंवा दंडाच्या हाडात ड्रिलने सुई घालून औषध, रक्त सगळं देता येतं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, पण दुखापतीपासून तीन तासांच्या आतच. त्यानंतर दिलं तर फायदा जातो आणि धोका वाढतो. रक्तगट कळेपर्यंत मूल होण्याच्या वयातल्या बाईला ओ निगेटिव्ह, पुरुषाला ओ पॉझिटिव्ह चालतं. निगेटिव्हचा साठा मोजका असतो म्हणून हा भेद.

पोटावर आणि छातीवर फिरवलेला सोनोग्राफीचा प्रोब हा देखावा नव्हे. यकृताच्या बाजूला, प्लीहेच्या बाजूला, ओटीपोटात, हृदयाभोवती आणि दोन्ही फुप्फुसांवर, असा दोन-तीन मिनिटांत रक्त किंवा हवा शोधतात. एक मर्यादा मात्र मालिकांत क्वचितच बोलली जाते: पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे पोटात रक्तस्राव नाही असं ठरत नाही. थोडं रक्त दिसत नाही, ते साचायला वेळ लागतो. म्हणून रक्तदाब घसरला की पुन्हा करायची.

सोललेल्या पायाकडे सगळ्यांची नजर जाते, आणि खरी चूक तिथेच होते. भयंकर दिसणारी जखम बहुधा लगेच मारत नाही; तिच्याकडे बघताना मान, छाती आणि पोट तपासायचं राहून जातं. वरचा क्रम पूर्ण झाल्यावर पायाकडे वळायचं. पाऊल आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी लागते का, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, हे नोंदवायचं, आणि सुन्न करायच्या आधी नोंदवायचं. नंतर कळत नाही की बधिरता औषधाची आहे की तुटलेल्या नसेची. जखमेचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे प्रत्येक नव्या डॉक्टरला पट्टी उघडून दाखवावी लागत नाही. मोठी घाण काढून, सलाईनने भिजवलेलं निर्जंतुक गॉज ठेवून, स्प्लिंट लावायचं. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून शक्यतो पहिल्या तासात, आणि धनुर्वाताची लस. लोंबणारी कातडी कापून टाकायची नाही. ती जगेल की नाही हे प्लास्टिक सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये ठरवतो, आणि मेलेली वाटणारी कातडीसुद्धा पुढे त्वचारोपणासाठी उपयोगी पडू शकते.

वेदनेबद्दल थोडं सविस्तर, कारण मालिकांत ओरडण्याचा आवाज जास्त आणि औषध कमी असतं. फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक वजनाच्या किलोमागे १ मायक्रोग्रॅम, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. ते पुरेना तर केटामिन हे भुलीचं औषध कमी मात्रेत, किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, सलाईनमध्ये मिसळून हळू. झटकन ढकललं तर रुग्ण भांबावतो, घाबरतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे सोनोग्राफी बघत गुडघ्यामागच्या नसेला ब्लॉक, म्हणजे तेवढ्याच नसेला भूल. तासन्‌तास आराम मिळतो आणि शुद्ध कायम राहते. मात्र पोटरीत दाब वाढण्याची शंका असेल तर आधी सर्जनशी बोलायचं, कारण त्या दाबाची पहिली खूण वेदनाच असते.

डोक्याला मार लागलेल्या माणसाबाबत पाहायचं ते वेगळं. मेंदूला बसलेला मार आपण परत घेऊ शकत नाही. त्यावर भर पडू न देणं एवढंच हातात असतं. सिस्टोलिक रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूची शक्यता साधारण दुप्पट होते, म्हणून तरुणांत तो ११० च्या वर ठेवतात. ऑक्सिजन घसरू द्यायचा नाही, डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ, आणि पट्टा गळ्याभोवती आवळलेला नको, नाहीतर डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्धीचं मोजमाप, ८ किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत नळी घालायची. एका बाजूची बाहुली मोठी झाली तर मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाईन देऊन न्यूरोसर्जनला बोलवायचं. मॅनिटॉल लघवीवाटे पाणी काढतं, त्यामुळे रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाचा दाब आणखी पडू शकतो. तिथे ते ३ टक्के सलाईन बरं.

नळी घालण्याचं दृश्य बघताना रुग्णाची मान बघा. डोक्याखाली उंचवटा, कान छातीच्या हाडाच्या पातळीत आणि चेहरा छताला समांतर, ही योग्य स्थिती. मानेला मार असल्याची शंका असेल तर मात्र मान न हलवता कुणीतरी हाताने स्थिर धरायची. २००९ मध्ये 'ईआर'मधल्या अशा दृश्यांची तपासणी करून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. योग्य स्थिती जवळजवळ कुठेच नव्हती, आणि शिकणारे डॉक्टर अशा मालिका बघूनही शिकतात ही त्यामागची चिंता होती. खऱ्या क्रमात आधी तीन मिनिटं पूर्ण ऑक्सिजन, मग झोपेचं औषध, लगेच किलोमागे १.२ मिलिग्रॅम रोक्युरोनियम हे स्नायू ढिले करणारं औषध, आणि मग ४५ ते ६० सेकंद नुसतं थांबणं. पडद्यावर हे थांबणं कापलं जातं. प्रत्यक्षात तिथेच घाई होते आणि ढिल्या न पडलेल्या घशात नळी अडते. नळी गेल्याचा भरवसा छातीच्या आवाजावर ठेवायचा नाही. कार्बन डायऑक्साइडची लाट मॉनिटरवर उमटली तरच ती श्वासनलिकेत आहे.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, ही सगळ्याच मालिकांची दुखरी जागा आहे, आणि त्यात लेखकांचा दोष थोडा. दर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. जिवंत नटाच्या छातीवर हे करता येत नाही, बरगड्या मोडतील. म्हणून एकतर कोपर वाकवून खोटे दाब देतात किंवा कॅमेरा खांद्यांवर ठेवून खाली पुतळा वापरतात. कोपर सरळ असतील आणि फ्रेममध्ये रुग्णाची छाती नसेल, तर पुतळा आहे असं समजा. मॉनिटरवरच्या सपाट रेषेला शॉक देणं मात्र निव्वळ चूक. शॉक व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनला (हृदयाची नुसती थरथर) आणि नाडी नसलेल्या व्हीटीला (हृदयाची अतिवेगवान लय) देतात. सपाट रेषेत दाब आणि दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन. जगण्याच्या प्रमाणाचं म्हणाल, तर १९९६ मध्ये अमेरिकी मालिकांचा अभ्यास करून एक निबंध आला होता: पडद्यावर सीपीआर मिळालेल्यांपैकी ७५ टक्के त्या क्षणी वाचत होते. अमेरिकेत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी सुमारे १० टक्केच घरी परततात. नातेवाईक मनात ७५ चा आकडा धरून येतात, आणि त्यांना १० चा आकडा समजावताना जीव तुटतो.

पायाची जखम पाहून विद्यार्थिनी जवादी कोसळते. ते अगदी खरं आहे. उपाशी, पहाटे उठलेली, गरम खोलीत गुडघे ताठ करून उभी राहिलेली व्यक्ती पहिल्यांदा अशी जखम पाहते तेव्हा नाडी मंदावते, रक्त पायांत उतरतं. धोका बेशुद्धीचा नसतो, फरशीवर डोकं आपटण्याचा असतो. विद्यार्थ्यांनी खाऊन यावं, पायांची चाळवाचाळव करत राहावं, घाम फुटला किंवा कानात आवाज आला की न लाजता भिंतीला टेकून खाली बसावं. दुसऱ्या वेळी बहुतेकांना काही होत नाही.

तीच जखमी बाई फक्त नेपाळी बोलते, आणि भाषा ओळखून दुभाषी मिळेपर्यंत तिच्या भीतीला वाट नसते. अमेरिकेत संघराज्याचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला पात्र दुभाष्या देणं कायद्याने बंधनकारक आहे, बहुधा फोनवर किंवा टॅबलेटवर. नातेवाइकाला मध्ये घालणं टाळतात, कारण तो सौम्य करून सांगतो, आणि घरातली मारहाण असेल तर ती त्याच्यासमोर कुणी बोलत नाही. परराज्यात किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी आई-वडिलांसाठी हे लक्षात ठेवा. अमेरिकेत मराठी दुभाषी मागता येतो, आणि त्याचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात.

प्रतीक्षालयातली गर्दी आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनातल्या ग्लोरियाचा तगादा यांवर मालिकेने वेळ दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही, पैसे असोत-नसोत, तपासून स्थिर करावंच लागतं. म्हणजे दार बंद करता येत नाही. वर वॉर्डात नर्सा कमी, म्हणून खाटा असूनही उघडत नाहीत. मग भरती झालेले रुग्ण इमर्जन्सीच्याच खाटा अडवतात, आणि नवीन माणूस खुर्चीत तासन्‌तास बसतो. व्यवस्थापन मात्र रुग्ण-समाधानाचे गुण इमर्जन्सीकडेच मागतं. हे दुखणं इमर्जन्सीत दिसतं, पण त्याचा उपाय वरच्या मजल्यांवर आहे. रॉबीचा ग्लोरियाशी बोलतानाचा संताप शब्दशः खरा आहे.

अतिरंजित काय, तर दाटी. दाखवलेली प्रत्येक केस खरी असू शकते, पण एका सकाळी एवढ्या दुर्मिळ गोष्टी एकत्र येत नाहीत. एक डॉक्टर ताशी साधारण दोन नवे रुग्ण पाहतो आणि त्यांतले बरेच ताप, पोटदुखी, मुरगळलेला घोटा असे असतात. संगणकावर लिहिण्यात जाणारा वेळ जवळजवळ गायब आहे. २०१३ च्या एका अभ्यासात इमर्जन्सी डॉक्टरांचा ४० टक्क्यांहून जास्त वेळ माहिती भरण्यात जात होता. सकाळी ७ ची ड्युटी बदलताना प्रत्येक रुग्णाचं निदान, बाकी तपासण्या आणि पुढची दिशा सांगायला १५ ते ३० मिनिटं लागतात. सगळ्यात जास्त चुका इथेच जन्मतात, आणि नेमकं तेच इथे फार झटकन उरकलंय. रेसिडेंटना इमर्जन्सीत सलग १२ तासांहून जास्त ड्युटी लावता येत नाही. १५ तास का होतात याचं कारण हंगाम पुढे देतो, म्हणून ती चूक मानू नका.

चित्रीकरणाचं एकच सांगतो. 'ईआर'चा पहिला भाग लॉस एंजेलिसमधल्या बंद पडलेल्या लिंडा व्हिस्टा रुग्णालयात चित्रित झाला होता. 'द पिट'साठी बरबँकला वॉर्नर ब्रदर्समध्ये पूर्ण विभाग उभारला आणि दिवे छतातच बसवले, त्यामुळे कॅमेरा कुठेही वळू शकतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. मॉनिटरचे आवाज, ट्रॉलीची चाकं आणि माणसांचं बोलणं यांतूनच ताण येतो, आणि हे संगीतापेक्षा कितीतरी जास्त खऱ्या विभागासारखं वाटतं.

दुसऱ्या भागापर्यंत एक वयस्क गृहस्थ येतात. नळी घालू नका असं त्यांनी आधीच लिहून ठेवलंय, आणि मुलं मात्र सगळं करा म्हणतात. त्यावर तुम्ही विचारलं आहे की आपल्याकडे असं लिहून ठेवता येतं का. येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: सज्ञान, शुद्धीत असलेल्या व्यक्तीने लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात द्यायची. उपचार थांबवताना रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते, त्यामुळे मध्यरात्री धावपळीत आणलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो कागद लगेच लागू होईलच असं नाही. म्हणून त्याची प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे आणि ज्यांची नावं घातली आहेत त्यांच्याकडे आधीच द्या, आणि मुलांशी त्याबद्दल घरीच, सगळे समोर बसलेले असताना बोलून ठेवा.